१९९९ ची स्प्लेंडर: पावसात बंद पडते, फ्यूज उडतो, बॅटरी टिकत नाही. सगळं वायरिंग बदलावं का?

अंबाझरीकर_९९ · ६ जुलै २०२५, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची आहे. हीरो होंडा स्प्लेंडर, १९९९ ची, किकवाली, एमएच ३१, म्हणजे नागपूरची. मला शाळेत सोडणं, आईला मेडिकलला नेणं-आणणं, दिवाळीला गावी जाणं, सगळं या गाडीवर झालं. बाबांना आता गुडघ्यांमुळे चालवता येत नाही, म्हणून मी चालवतो. गेल्या वर्षी आरटीओत नोंदणी आणखी पाच वर्षं वाढवून घेतली. विकायची नाही, हे आधीच सांगतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तेव्हा ही गाडी आमच्या तळमजल्यावर उभी होती. उजाडलं तेव्हा पाणी सीटला लागलेलं होतं. नंतर इंजिन ऑइल दोनदा बदललं, कार्ब्युरेटर उघडून धुतला, ब्रेक साफ केले. गाडी सुरू झाली. दिवे लागत होते, म्हणून वायरिंगला कोणी हात लावला नाही.

या वर्षी मात्र एकामागून एक सुरू झालं आहे. जोराचा पाऊस आला की गाडी झटके देत बंद पडते आणि वीस-पंचवीस मिनिटं आडोशाला उभी केली की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. दुसरं, फ्यूज उडतो. रोज नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि बहुतेकदा गाडी वळवून पार्क करतानाच. तिसरं, बॅटरी दोन महिन्यांत बसते. हॉर्न म्हणजे नुसती कुरकुर. आणि एक विचित्र गोष्ट: लाईटचा स्विच चालू ठेवून इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही इंडिकेटरबरोबर लुकलुकतो.

आतापर्यंत दोन बॅटऱ्या, एक सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) आणि एक आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा) बदलून झालं. काल मिस्त्री म्हणाले, आता पूर्ण वायरिंग किटच टाका. तेही टाकू, पण त्यानंतरही हेच राहिलं तर? कुणाला असा अनुभव आहे का?

---

बुलेटवाला_कामठी · ६ जुलै, रात्री १०:०५

भाऊ, पुरात बुडालेली गाडी आहे, जास्त विचार नका करू. पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरचा अख्खा गठ्ठा, बदला आणि मोकळे व्हा. माझ्या कास्ट आयर्न बुलेटचं मी तेच केलं होतं. एकेक जोड शोधत बसलो असतो तर पावसाळा संपला असता.

बॅटरीकडे आधी लक्ष द्या. बॅटरी बसली की करंट पडत नाही आणि गाडी रस्त्यात बंद पडते. मला तर तुमचं पहिलं आणि तिसरं दुखणं एकच वाटून राहिलं.

---

तांब्याची_तार · ७ जुलै, सकाळी ७:४०

कामठीच्या भाऊंचं बुलेटपुरतं बरोबर आहे. जुन्या पॉइंटवाल्या बुलेटमध्ये स्पार्क बॅटरीच्या जोरावर पडतो. बॅटरी मेली की गाडी मेली. म्हणूनच तिच्या हेडलाईटच्या टोपावर अ‍ॅमीटर दिलेला असायचा, चार्जिंग होतंय का हे चालवणाऱ्याला दिसावं म्हणून. या स्प्लेंडरचं तसं नाही.

मी बत्तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं. आता दुकान नाही, पण हात आहेत. बेटा, तुझी चूक एकच झाली, आणि ती तुझ्या मिस्त्रींचीही झाली: तुम्ही चारही तक्रारी एका पोत्यात भरल्या. या गाडीत तीन वेगवेगळी घरं आहेत.

पहिलं घर इग्निशनचं. मॅग्नेटमध्ये, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागात, सीडीआयसाठी वेगळी सोर्स कॉईल असते. ती स्वतःची वीज स्वतः तयार करते. पल्सर कॉईल ठिणगीच्या वेळेचा इशारा देते, सीडीआय त्या विजेचा साठवलेला दाब, म्हणजे व्होल्टेज, एचटी कॉईलमध्ये सोडतो, ती तो कितीतरी पट वाढवते आणि प्लगला ठिणगी पडते. यात बॅटरीचा काडीचाही संबंध नाही. बॅटरी काढून ठेवली तरी ही गाडी किकवर सुरू होते. म्हणजे पावसात गाडी बंद पडते म्हणून तू बॅटरी बदलली असशील, तर ते पैसे त्या दुखण्यावर लागलेच नाहीत.

दुसरं घर हेडलाईट आणि टेल लॅम्पचं. हे मॅग्नेटच्या लायटिंग कॉईलवर, थेट एसीवर, म्हणजे बॅटरीत न जाता दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर चालतात. म्हणूनच रेस केली की उजेड वाढतो आणि सिग्नलला उभं राहिलं की पिवळा पडतो. आरआर युनिट इथे एकच काम करतं, व्होल्टेज मर्यादेबाहेर जाऊ देत नाही.

तिसरं घर बॅटरीचं. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, न्यूट्रलचा दिवा. फ्यूज याच घराच्या दारात बसलेला असतो. फ्यूज उडाला तरी चालती गाडी चालूच राहते, हे तू पाहिलं असशील.

या तीन घरांची एकच सामाईक भिंत आहे: हिरवी वायर, म्हणजे अर्थ, वीज परत जायची वाट. पुराचं पाणी सगळ्यात आधी तिला खातं.

आता तक्रारी घराघरांत वाटून टाक. पावसात बंद पडणं पहिल्या घरातलं. फ्यूज आणि बॅटरी तिसऱ्या घरातलं, पण दोन्हीची कारणं वेगळी असणार. आणि लाल दिवा इंडिकेटरबरोबर लुकलुकतो ते सामाईक भिंतीचं, मागच्या दिव्याचा अर्थ तुटल्याचं लक्षण आहे. त्यात शंकाच नाही.

मीटर आहे का तुझ्याकडे? साधा डिजिटल चालेल. नसेल तर आज घे. पुढचं सामान नंतर.

---

अंबाझरीकर_९९ · ७ जुलै, सकाळी ८:२५

काका, तुम्ही म्हणता ते आठवलं! मागच्या महिन्यात फ्यूज उडालेला असताना मी छत्रपती चौकापासून घरापर्यंत गाडी आणली होती. हॉर्न, इंडिकेटर बंद, पण इंजिन आणि हेडलाईट चालू. तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

मीटर आजच घेतो. एक विचारायचं होतं, अर्थ तुटला तर दिवा विझायला पाहिजे ना? दुसराच दिवा कसा लागतो?

---

प्रतापनगरची · ७ जुलै, सकाळी ११:५०

याचं उत्तर मी देते, मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. २१ वॅटची ब्रेकची आणि ५ वॅटची टेलची. दोघींचं एक टोक बल्बच्या पितळी अंगाला जोडलेलं असतं आणि ते अंग हिरव्या वायरने अर्थला जातं. मागच्या इंडिकेटरचा अर्थही तिथेच येतो. ती हिरवी वायर तुटली, तर इंडिकेटरमधून आलेला प्रवाह परत जायला वाट शोधतो. त्याला टेलची तार सापडते. तिच्यातून तो उलटा, टेल लॅम्पच्या सप्लाय वायरने पुढे जातो आणि हेडलाईटच्या बल्बमधून अर्थला पोचतो. वाटेतली सगळ्यात अरुंद जागा म्हणजे ५ वॅटची तार, म्हणून तीच उजळते. इंडिकेटर बंद-चालू होतो तशी तीही होते.

ब्रेक दाबून पाहा, मागे कुणाला तरी उभं करा. ब्रेकचा दिवा भक्क पेटण्याऐवजी मंद लाल दिसत असेल तर हाच प्रकार आहे. आणि हे आज संध्याकाळीच पाहा. मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा ब्रेक दिसत नाही, हा या धाग्यातला सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. माझ्या भावाला वर्धा रोडवर मागून असाच धक्का बसला होता.

दुसरं, मीटरची बीप लावून वायर तपासू नका. बहुतेक साध्या मीटरची बीप ३०-५० ओहमपर्यंत वाजते. २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना स्वतःच जेमतेम ७ ओहमचा असतो. वाटेत नुसते २ ओहम आले तरी १२ पैकी पावणेतीन व्होल्ट वाटेतच संपतात, आणि बीप मात्र वायर ठणठणीत आहे असं सांगते. एकच धागा शिल्लक राहिलेली वायरसुद्धा बीप देते. दिवा चालू ठेवून व्होल्ट मोजायचे. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन मागच्या दिव्याच्या अर्थवर, आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. चांगल्या अर्थवर ०.२ च्या आत-बाहेर दिसायला हवं.

---

तांब्याची_तार · ७ जुलै, दुपारी १:१५

ताई, फार नेमकं सांगितलंत. मी हे आयुष्यभर हाताने केलं, पण दोन ओहमचा हिशेब असा कधी मांडला नव्हता.

---

अंबाझरीकर_९९ · ८ जुलै, रात्री १०:३०

मोजलं. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते, ब्रेक त्यांनीच दाबून धरला.

मागच्या दिव्याचा अर्थ: ४.१ व्होल्ट. हिरवी वायर थोडी हलवली की कधी ०.६, कधी एकदम ११. ब्रेकचा दिवा मंदच आहे, ताईंनी सांगितला तसा. किती महिने असा फिरतोय कोण जाणे.

बॅटरी रात्रभर उभी गाडी: १२.१. इंजिन चालू करून चांगलं रेस केलं तर बॅटरीवर १२.९. त्याहून वर जातच नाही. मिस्त्री म्हणाले होते की मॅग्नेट कॉईल गेली असेल, इंजिनचं साइड कव्हर उघडावं लागेल. उघडू का?

---

तांब्याची_तार · ९ जुलै, सकाळी ७:०५

थांब. कव्हर उघडायच्या आधी एक मोजमाप. आरआर युनिटला चार वायर येतात: पांढरी चार्जिंगची, पिवळी लाईटची, लाल बॅटरीकडे जाणारी आणि हिरवी अर्थ. कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, लागलेलाच ठेव, मागच्या बाजूने लाल वायरच्या पिनेला मीटरची पिन टेकव आणि तेवढ्याच रेसवर मोज. तिथे १४ च्या वर आलं आणि बॅटरीवर १२.९, तर कॉईलही चांगली, आरआरही चांगलं. वीज तयार होते आहे आणि वाटेत गळते आहे.

आणि इथे एक गोम आहे. आरआर युनिट व्होल्टेज स्वतःच्या दारात मोजतं, बॅटरीच्या दारात नाही. त्याला १४ च्या वर दिसलं की ते समजतं बॅटरी भरली, आणि हात आखडता घेतं. बॅटरी तिकडे उपाशीच. म्हणून तुझ्या दोन्ही बॅटऱ्या मेल्या. बॅटरी वाईट नव्हती, तिला कधी पोटभर मिळालंच नाही.

आरआरची हिरवी वायरही बघ. ती सुटली तर उलटं होतं, त्याला मोजायला आधारच उरत नाही, व्होल्टेज मोकाट सुटतं आणि रेस केली की हेडलाईट, टेल, मीटरचे बल्ब एकामागून एक उडतात. कुणाची गाडी बल्ब खात असेल तर बल्ब बदलत बसू नका, ती हिरवी वायर आधी पाहा.

---

वर्धा_रोड · ९ जुलै, दुपारी ४:२०

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे पण जुनी स्प्लेंडर आहे. हेडलाईटला एलईडी बल्ब टाकला, तर तो फडफडतो. म्हणजे एसीमुळेच का?

---

प्रतापनगरची · ९ जुलै, दुपारी ४:४५

हो, त्यामुळेच. डीसीसाठी बनवलेला एलईडी एसीच्या अर्ध्या लाटेवरच पेटतो. एसी-डीसी दोन्हीवर चालणारा घ्या, नाहीतर ३५ वॅटचा हॅलोजन परत लावा. लाईटची वायर थेट बॅटरीवर वळवू नका. ती बॅटरी अडीच अ‍ॅम्पिअर-तासाची आहे आणि तिचं चार्जिंग तेवढ्या ओझ्यासाठी नाही.

---

अंबाझरीकर_९९ · १० जुलै, रात्री ९:५०

आरआरच्या लाल पिनेवर १४.४. त्याच रेसवर बॅटरीवर १२.९. काका, दीड व्होल्ट वाटेत!

लाल वायरचा माग काढत गेलो तर फ्यूजच्या घरापाशी पोचलो. उघडलं तर दोन्ही पितळी पट्ट्या हिरव्यागार, आणि एका बाजूची वायर पिनेत नुसती अडकून राहिलेली. प्लास्टिक एका बाजूने वितळून तपकिरी झालंय. कव्हर उघडावं लागलं नाही, तुम्ही थांबवलंत म्हणून.

फ्यूजचं घर नवीन टाकलं, पिना नव्या चेपल्या. आता आरआरवर १४.३, बॅटरीवर १४.१. हॉर्न ऐकून आतून आई बाहेर आली.

---

राजेहो_मी · १० जुलै, रात्री १०:४०

वा भाऊ! मी काटोलचा. संत्र्याच्या बागेत माह्यी बी अशीच जुनी गाडी हाय. नवतपात गरम झाली की बंद पडते अन् अर्धा तास झाडाखाली ठेवली की चालू होते. मिस्त्री म्हणते कॉईल गेली. सांगा बरं काका, काय पाहू?

---

तांब्याची_तार · ११ जुलै, सकाळी ६:५०

राजे, बंद पडली त्याच क्षणी दोन गोष्टी करायच्या, अर्ध्या तासाने नाही. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायचं. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. वीज बिचारी निर्दोष. या एका छिद्रापायी कितीतरी सीडीआय आणि कॉईली बदलल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, कारण लक्षण हुबेहूब तसंच.

तसं नसेल, तर झाकण घट्ट लावायचं आणि गाडी सांडलेल्या पेट्रोलपासून दूर न्यायची. प्लग काढायचा, कॅपमध्ये घालायचा, प्लगचं अंग इंजिनच्या धातूला नीट टेकवायचं, प्लगच्या उघड्या भोकापासून लांब धरायचं आणि किक मारायची. प्लग हवेत लटकता ठेवून किक मारू नका, दाबाला वाट मिळाली नाही तर चांगली एचटी कॉईल किंवा सीडीआय फुटतो. ठिणगी नसेल तर गरम असतानाच सोर्स कॉईल आणि पल्सर मोजायचे. थंड झाल्यावर दोन्ही अगदी साळसूद आकडे दाखवतात. तारेवरचा लेप उष्णतेने तडकलेला असतो, गार झाला की तडा मिटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात इंजिनची धग. कॉईलची खरी परीक्षा तिथेच होते.

---

अंबाझरीकर_९९ · १२ जुलै, दुपारी २:१०

काका, आता फ्यूज. नवीन घर टाकल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पुन्हा उडाला. शेजारचे एक जण म्हणाले, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून टाक, कामापुरतं चालेल.

---

तांब्याची_तार · १२ जुलै, दुपारी २:२५

अजिबात नको. फ्यूज जळायच्या ऐवजी वायर जळेल, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोड, दोन्ही टोकांना वायर लावून. आता कुठे शॉर्ट झालाच तर त्या बल्बमधून पावणेदोन अ‍ॅम्पिअरच्या वर प्रवाह जाऊच शकत नाही, आणि शॉर्ट झाल्याक्षणी बल्ब भक्क पेटेल. एकही फ्यूज न जाळता दिवसभर शोधता येतं. चावी ऑन कर, कशालाही हात न लावता बल्ब विझलेला किंवा अगदी मिणमिणता असायला हवा. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरव. तू पार्क करतानाच उडतो म्हणालास ना, मला तेव्हापासून हँडलच्या मानेवरच संशय आहे.

---

अंबाझरीकर_९९ · १३ जुलै, सायंकाळी ६:४०

रविवार सार्थकी लागला.

बल्ब लावला. हँडल सरळ, बल्ब विझलेला. उजवीकडे, विझलेला. डावीकडे शेवटापर्यंत नेलं आणि बल्ब पेटला! परत आणलं, विझला. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच. आठवड्यातून एखाद्या वेळी होणारी गोष्ट डोळ्यांसमोर, मागेल तेव्हा.

चावीच्या लॉकचा वगळून हेडलाईटच्या टोपातले कपलर एकेक सोडले, तरी बल्ब पेटतोच, म्हणजे शॉर्ट कपलरच्या अलीकडे. टाकी उतरवली. हार्नेस मानेपाशी जिथे वळतो तिथे काळी टेप कडक होऊन तुकडे पडलेले. आत काळी वायर, म्हणजे चावीनंतरचा सप्लाय, फ्रेमच्या पत्र्याच्या कडेला घासून गव्हाच्या दाण्याएवढी उघडी पडली होती. डावीकडे वळवलं की ती ताणून कडेला टेकायची.

ती जागा कापून नवा तुकडा जोडला, सोल्डरचा डाग दिला, वर स्लीव्ह गरम करून बसवली आणि हार्नेस थोडा सैल बांधला.

---

बुलेटवाला_कामठी · १३ जुलै, रात्री ८:००

मानलं काका. बल्बची ही युक्ती मी आजच माझ्या टूलबॉक्समध्ये करून ठेवतो. तरी माझं म्हणणं कायम आहे, पुराच्या गाडीचा हार्नेस बदललाच पाहिजे.

---

तांब्याची_तार · १३ जुलै, रात्री ८:३०

भाऊ, तुमचं अर्धं म्हणणं मी मान्य करतो. बेटा, मागच्या दिव्याची हिरवी वायर जोडापासून चार बोटं मागे कापून बघ. तांबं गुलाबी चकचकीत दिसलं तर पिन बदलून भागेल. काळं दिसलं तर पाणी प्लास्टिकच्या आत वातीसारखं चढलेलं आहे. काळ्या तांब्यावर डाग बसत नाही, बसल्यासारखा दिसतो आणि महिन्यात सुटतो. तिथे वायर नवीनच ओढावी लागते.

पण पूर्ण किट मी आजही टाकायला सांगणार नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक किटांत तांबं बारीक असतं आणि कपलर सैल. गाडीचं जुनं तांबं जिथे निरोगी आहे तिथे ते नव्याहून चांगलं आहे. शिवाय पहिल्या घराची तक्रार अजून उभीच आहे, आणि ती वायरिंगमध्ये नसून स्विचमध्ये असावी असा माझा अंदाज आहे. किट टाकलं असतं तरी ती राहिलीच असती.

---

अंबाझरीकर_९९ · १५ जुलै, रात्री ९:२०

चार बोटं कापलं, काळं. वीतभर मागे कापलं, तरी काळं. पार सीटखालच्या कपलरपर्यंत काळंच. मागच्या चिखलपत्र्याखालून जाणाऱ्या सगळ्या वायर तशाच. बुलेटवाले भाऊ, तिथे तुमचं बरोबर निघालं.

सीटच्या मागचं सगळं नवीन ओढलं, रंगाला रंग जुळवून. अर्थची वायर जरा जाड, १ चौरस मिलिमीटरची टाकली आणि एक जादा अर्थ थेट फ्रेमवर, रंग खरवडून बोल्टखाली घेतला. सीटच्या पुढे तांबं गुलाबी आहे, तिकडे हात लावला नाही. मागच्या अर्थवर आता ब्रेक दाबून ०.१. लाल दिवा इंडिकेटरबरोबर लुकलुकायचा थांबला.

बाबांनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन, काठी टेकत, ब्रेकचा दिवा पाहिला. म्हणाले, "आता दिसतोय."

---

तांब्याची_तार · १६ जुलै, सकाळी ७:१०

शाबास. आता पावसाचं.

सीडीआयमधून एक काळी-पांढरी वायर निघते आणि चावीच्या लॉकला जाते. चावी ऑफ केली की लॉक ती वायर अर्थला टेकवतं, सोर्स कॉईलची वीज जमिनीत जाते आणि इंजिन थांबतं. म्हणजे या गाडीत चावी इंजिन सुरू करत नाही, फक्त बंद करायचं थांबते. लॉकच्या आत पाणी आणि गंज असला, तर चावी ऑन असतानाही ते पाणी त्या वायरला थोडं थोडं अर्थला टेकवतं. गाडी झटके खात मरते. वाळलं की जिवंत.

टेस्ट अशी. गाडी घरासमोर स्टँडवर, इंजिन चालू. चहाच्या कपाने लॉकवर आणि त्याच्या मागच्या वायरवर पाणी सोड. मेली, तर ती वाळू दे. मग इंजिन बंद असताना लॉककडे जाणारी काळी-पांढरी कपलरपासून सुटी कर, टोकाला टेप लाव, आणि पुन्हा सुरू करून पाणी सोड. आता चालूच राहिली तर गुन्हेगार सापडला.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. वायर सुटी असताना चावीने इंजिन बंद होणार नाही. पहिल्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून, क्लच सोडून बंद करायचं. आणि इंजिन चालू असताना त्या वायरला उघडा हात लावायचा नाही, तिच्यात दाब शंभर व्होल्टच्या वर जातो. टेस्ट झाली की वायर परत जोड. ती सुटी असेल तर गाडी चावीशिवाय कुणीही नेऊ शकतं.

---

अंबाझरीकर_९९ · १६ जुलै, रात्री ८:५५

अर्धा कप पाणी. दहा-बारा सेकंदांत झटके, मग बंद. काळी-पांढरी सोडून सुरू केली, अख्खी बादली ओतली, गाडी घड्याळासारखी चालू.

मीटरही लावला. वायर सुटी, चावी ऑन, वायरपासून अर्थपर्यंत: कोरडं असताना मीटरवर जोडच दिसत नाही, पाणी टाकल्यावर ३ किलोओहमच्या आसपास. लॉक उघडून पाहिलं, आत नाग नदीचा गाळ सुकून बसलेला आहे, बारीक, राखाडी. जवळजवळ दोन वर्षं तो तिथेच होता.

नवीन लॉक उद्या आणतो. जुना सीडीआय फेकला नव्हता. तो लावून पाहिला, गाडी त्याच्यावरही उत्तम चालते.

---

प्रतापनगरची · १७ जुलै, सकाळी १०:१५

तो जुना सीडीआय जपून ठेवा, चांगला आहे. टोपातले कपलरही एकदा उघडून कॉन्टॅक्ट क्लिनरने धुऊन घ्या, गाळ तिथेही असेल. वाळल्यावर पिना जोडून घ्या आणि मग बाहेरून बोटभर पेट्रोलियम जेली. जोडायच्या आधी आत भरू नका, त्यात धूळ धरते.

---

अंबाझरीकर_९९ · २४ जुलै, रात्री ११:०५

धुतले ताई. तीन कपलरमध्ये गाळ निघाला, एकात एक पिन निम्मी खाल्लेली होती, ती बदलली.

आज संध्याकाळी शंकर नगरपासून हिंगणा रोडपर्यंत संपूर्ण रस्ता धो-धो पावसात केला. चाकाचा अर्धा भाग पाण्यात होता तिथेही गाडी अडखळली नाही. घरी येऊन मोजलं: रेसवर बॅटरी १४.१, मागचा अर्थ ०.१, फ्यूज तोच.

काका, लॉक बदलल्यामुळे आता गाडीला दोन चाव्या झाल्या, एक लॉकची, एक टाकीच्या झाकणाची. बाबांना जुनीच चावी हातात हवी आहे. जुन्या लॉकचा चावीचा भाग ठेवून फक्त मागची संपर्काची प्लेट बदलता येते का?

---

तांब्याची_तार · २५ जुलै, सकाळी ६:४५

येते. जुन्या लॉकच्या मागे प्लास्टिकची टोपी असते, ती खाचांतून सोडली की संपर्काची प्लेट वेगळी निघते. जुना लॉक फेकू नकोस, आधी चावीचा भाग डिझेलमध्ये रात्रभर बुडवून गाळ काढ, वाळव, आणि नव्या लॉकची प्लेट त्यावर बसते का ते हातात धरून बघ. वायरचे रंग उतरवायच्या आधी फोटो काढून ठेव. बसली की कपभर पाण्याची टेस्ट परत कर आणि आकडा इथे टाक.

---

अंबाझरीकर_९९ · २७ जुलै, दुपारी १२:३०

बसली. कोरडं असतानाही काही नाही, पाणी टाकूनही काही नाही. जुनी चावी बाबांच्या खिशात आहे.